चारशे सतरा नंबरचं परमिट

ये उत्तरा, बस. पण त्या वायरीले हात नको लावू. ऑफिसनं तुले हा जुना कॉम्प्युटर न्यायले पाठवलं, मले माहीत आहे. नेजो खुशाल, मले तो घरात नकोच आहे. पण उद्यापासून माह्या जागेवर तू बसणार, म्हून आधी ऐकून घे. थांब, लाईट लावते. अंधारात मले हे सांगणं होत नाही.

मार्चमधे मी बेसा चौकात गाडीवरून घसरली. उजवा पाय प्लास्टरमधे. साहेब म्हणाले, दोन महिने घरूनच काम कर. आपलं काम तू नवीन शिकून राहिली, म्हून नीट सांगते. उमरेड रोडवरच्या आपल्या सोलर प्लान्टच्या चार लाईनी. लाईनवर काम करायचं असलं का वायरमन आपल्याले फोन करते. आपण लाईन बंद करतो, त्याले परमिट देतो, नंबर देतो, वर चढणारी माणसं किती ते लिहितो. काम झालं का त्यानंच फोन करायचा, आपला नंबर सांगायचा, किती माणसं उतरली ते सांगायचं, मंगच लाईन चालू. ज्यानं परमिट घेतलं त्यानंच परत द्यायचं. आणि तो जे सांगेल तेच लिहायचं, आपल्या मनचा एक आकडा नाही.

मी ह्या नियमाची लई कडक. जितेंद्र म्हणे, "यमराज जरी आला तरी तू त्याले आधी परमिट नंबर मागशील वं."

जितेंद्र म्हणजे माहा नवरा. ह्याच कंपनीत वायरमन. त्याचे बाप-आजे हातमागावर बसले, हा खांबावर चढला. घरी माह्याशी भांडे अन् ड्युटीवर फोनवर मॅडम म्हणे. "मॅडम, लाईन दोनचं परमिट द्या." मी बी तशीच. "नाव सांगा." "जितेंद्र कवडूजी पराते." अन् मंग हळूच, "डब्यात आज कांद्याची पात काहून दिली वं?" सात वर्षं असं चाललं आमचं. फार गोड माणूस होता तो.

तं लॅपटॉपच्या एवढ्याशा स्क्रीनवर लाईनीचा नकाशा आणि परमिटचं रजिस्टर दोन्ही मावत नव्हतं. साहेब म्हणाले, स्टोअरमधे जुना ऑल-इन-वन, स्क्रीनमधेच सगळा कॉम्प्युटर असलेला, पडला आहे, तोच लाव दुसरा स्क्रीन म्हून. जितेंद्रनं गाडीवर बांधून आणला. मागे एचडीएमआयचं भोक दिसलं, मी खुश, लगेच वायर खुपसली. काहीच नाही आलं. मंग गोलूले बोलावलं, तो बर्डीवरचा रिपेअरिंगवाला. तो हसायलेच लागला.

"ताई, हे भोक चित्र बाहेर देणारं आहे, आत घेणारं नाही. सगळे हीच चूक करतात."

त्यानं पाठ उघडली. मदरबोर्ड काढला, हार्ड डिस्क काढली, त्या जागी हाताच्या पंजाएवढं एक कार्ड बसवलं अन् लॅपटॉपची वायर त्याले जोडली. झालं, दुसरा स्क्रीन तयार. "आता ही नुसती काच आहे, ताई. लॅपटॉप दाखवीन तेच दिसन. पोटात काही उरलं नाही ह्याच्या." काढलेलं सगळं सामान तो पिशवीत भरून घेऊन गेला.

तिसऱ्या दिवशी मले ती ओळ दिसली. पांढऱ्या रजिस्टरवर, खालच्या बाजूले, फिक्कट करड्या अक्षरात. नंबर ४१७. नाव रुपराव. लाईन तीन. माणसं एक. वेळ दोन वाजून दहा मिनिटं. आणि 'परत' लिहिलेल्या चौकटीत काहीच नाही. मी लॅपटॉपवर पाहिलं, तिथं अशी ओळ नव्हती. गोलूले फोटो पाठवला. तो म्हणाला, "जुन्या स्क्रीनवर एकच चित्र महिनोन्महिने राहिलं का ते छापून बसते, ताई. त्याले इलाज नाही."

रात्री जेवताना मी विचारलं, "रुपराव कोण गा?"

जितेंद्रचा घास हातातच राहिला.

"तुले कोणी सांगितलं त्यांचं?"

मंग त्यानंच सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी, मी कामाले लागायच्या आधी, मे महिन्यात रुपरावकाका लाईन तीनवर चढले होते. खालून दुसऱ्याच कोणी तरी फोन केला का काम झालं, अन् तेव्हाच्या ऑपरेटरनं लाईन चालू केली. काका वरच होते.

"आणि परमिट?"

"परत कोण देईन वं? ज्यानं घेतलं तोच देणार न. वर्षभर तसंच उघडं होतं रजिस्टरात, ह्याच स्क्रीनवर."

मले वाईट वाटलं, भीती नाही वाटली. छापून बसलेली ओळ, दुसरं काय. मी तिच्यावर काळी टेप चिकटवली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन बसली तं टेप जागच्या जागी होती, आणि ओळ टेप सोडून खाली येऊन थांबली होती. छापलेलं अक्षर जागा सोडते का, उत्तरा? तू शिकलेली पोरगी आहे, तूच सांग. मी कोणाले बोलली नाही. पाय प्लास्टरमधे, दिवसभर घरात एकटी, लोक म्हणाले असते का बाईचं डोकं फिरलं.

मेचा दुसरा आठवडा होता. पारा सेहेचाळीसवर. दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी जितेंद्रचा फोन आला.

"मॅडम, लाईन तीनचं परमिट द्या."

मी त्या ओळीकडे पाहिलं. "आज नको. दुसऱ्याले पाठव."

"काहून?"

"असंच. मले बरं नाही वाटत."

"मॅडम, रेकॉर्डिंग चालू आहे," अन् हसला. "अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे. द्या न."

कारण काय सांगू? मी लाईन बंद केली. नंबर दिला, बावीसशे एक्याण्णव. वर चढणारी माणसं, एक. खाली शिडीजवळ त्याचा हेल्पर पंकज राहणार होता. मोबाईल वर न्यायचा नाही हा नियमच आहे, म्हून दोघांचे मोबाईल गाडीत, गाडीले कुलूप.

मी स्क्रीनवरच्या लाईन तीनच्या बटनावर नजर ठेवून बसली. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास येत होता. मंग त्या वासात दुसरा वास मिसळला, वायर गरम झाल्यावर येते तसा. मी लॅपटॉप हुंगला, भिंतीवरचा प्लगचा बोर्ड हुंगला. नाही. वास त्या काचेतून येत होता.

तेवढ्यात घरची लाईट गेली. कूलर घरघरत थांबला, पंखा थांबला, फ्रिज थांबला. लॅपटॉप बॅटरीवर होता, तो चालू राहिला. पण तो जुना स्क्रीन तं भिंतीच्या प्लगवर होता न… तोही चालूच राहिला.

दोन वाजून दहा मिनिटं. फोन वाजला. जितेंद्रचं नाव.

"मॅडम… काम झालं. परमिट परत."

आवाज त्याचाच होता. मागे वारा घोंघावत होता, उंचावर असते तसा. मले इतका आनंद झाला का डोळ्यात पाणी आलं. पण नियम तो नियम.

"नंबर सांगा."

फक्त वारा.

"अहो मिस्टर पराते, नंबर सांगा."

"चारशे सतरा."

"जितेंद्र, मस्करी नको करू. माह्याच्यानं नाही सहन होत. तुझा नंबर सांग."

"चारशे सतरा, मॅडम… लाईन घ्या चालू करून… लई दिवस झाले… मले उतरायचं आहे…"

मी फोन कापला. बटनापासून माऊस दूर सारला, इतका दूर का तो टेबलावरून खाली पडला. पंकजले लावला, नुसती रिंग. गाडीत असन मोबाईल, कोण उचलणार? साहेबाले लावला, लागला नाही. काही झालं तरी लाईन चालू करायची नाही, एवढं मात्र मी पक्कं ठरवलं. माहा माणूस वर होता. लाईन बंद आहे तोवर त्याले काही होत नाही, असंच मी घोकत होती.

मंग माहं लक्ष त्या काचेकडे गेलं. ती फिक्कट ओळ आता फिक्कट नव्हती. काळी कुळकुळीत झाली होती, आत्ताच टाईप केल्यासारखी. आणि 'परत'च्या त्या रिकाम्या चौकटीत माहं कर्सर लुकलुकत होतं. माऊस तं खाली फरशीवर पडला होता.

फोन पुन्हा वाजला. उचलू नये असं वाटलं. पण नाव जितेंद्रचं होतं, उत्तरा. तुह्या नवऱ्याचं नाव असतं तं तू काय केलं असतं?

"मॅडम… माहं परत घ्या… कोणीच घेत नाही…"

आता आवाज जितेंद्रचा नव्हता. म्हाताऱ्या, थकलेल्या माणसाचा होता. खरं सांगते, मले भीतीपेक्षा कीव जास्त आली. नऊ वर्षं तो बिचारा वर बसला होता, कारण त्याचं परत कोणी लिहूनच घेतलं नाही. मी विचार केला, लाईन तं बंदच ठेवते. कागदावर त्याचं परत घेतलं तं कोणाचं काय बिघडते? त्याचं त्याले मिळीन अन् माहा माणूस सुखरूप उतरीन. लाईनले मी हात लावणारच नव्हती.

"रुपरावभाऊ," मी म्हणाली, "मी लिहून घेते. नंबर?"

"चारशे सतरा."

"लाईन?"

"तीन."

"लाईनले सुरक्षेसाठी लावलेलं अर्थिंग काढलं?"

"काढलं, मॅडम."

मी एका हातानं टाईप करून राहिली होती. अक्षरं लॅपटॉपवर उमटत नव्हती, त्या काचेवर बराबर उमटत होती. सगळं नियमानं चाललं होतं. नियमानं चाललं का मले धीर येते, तसा तेव्हाही आला.

"माणसं किती उतरली?"

वारा थांबला.

"दोन," तो म्हणाला.

आणि मी लिहिलं. दोन. तो सांगेल तेच लिहायचं, सात वर्षांची सवय. एन्टर दाबल्यावर माह्या डोक्यात उजेड पडला का हे परमिट एकाच माणसाचं आहे. "दुसरा कोण?" म्हून मी ओरडली. "रुपरावभाऊ, दुसरा कोण?" फोन केव्हाचाच कटला होता. काच पांढरी स्वच्छ झाली होती, ओळ नव्हती. मंग काच विझली.

दोन वाजून एकतीस मिनिटांनी पंकजचा फोन आला. जितेंद्र शिडीवरून उतरला अन् जमिनीवर टेकताच गेला.

लाईन बंद होती. चौकशीतही तेच निघालं, मिनिटामिनिटाची नोंद आहे. जितेंद्रच्या अंगावर भाजल्याची खूण नाही, पडल्याची नाही, साधं खरचटलंसुद्धा नाही. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं. सगळे म्हणाले, ऊन लागलं. सेहेचाळीस डिग्रीत चढला होता, लागू शकते. मी बी मान हालवली. कोणाले काय सांगू का मी दोन लिहिलं म्हून? एक लिहिलं असतं तं? हाताले जरा थांबवलं असतं तं? रोज सकाळी उठली का पहिला हाच विचार येते, अन् मंग दिवसभर तोच.

तेरवीले पंकज आला होता. जेवला नाही. ह्याच खुर्चीत बसला.

मंग म्हणाला, "वहिनी, एक गोष्ट मी चौकशीत नाही सांगितली. जितेंद्रचं काम अर्धंच झालं होतं. मी हाक मारली नव्हती. तरी तो एकाएकी शिडीवरून उतरायले लागला, एकेक पाय टाकत, एकदम सावकाश. अन् खाली पाहून बोलून राहिला होता. 'हळू हळू उतरा काका, घाई नाही. मी आहो न मागे.'"

"खाली तं तू होता न?" मी विचारलं.

"मी बाजूले झाडाच्या सावलीत होतो, वहिनी. जितेंद्रच्या खाली शिडी मोकळीच होती. पण तिचा खालचा दांडा वाकून राहिला होता, कोणी पाय ठेवल्यावर वाकते तसा."