गिडियनच्या तोंडावरचं डांबर

त्या सकाळी मी गाडीला घोडी जुंपली तेव्हा काम साधंच होतं. चौरस्त्यावर जायचं, खांबावरून एक डोकं खाली काढायचं आणि कुणाच्या नजरेस पडायच्या आत पुरून टाकायचं.

हुकूम सर बेव्हिस यांचा. ते आमच्या विथीकोम्बचे मॅजिस्ट्रेट. तीन वर्षांपूर्वी ते डोकं वर टांगायचा हुकूमही त्यांचाच होता.

"हॉलंडच्या राजपुत्राची फौज किनाऱ्याला लागली आहे, एनॉस," ते म्हणाले. "चार-सहा दिवसांत याच रस्त्याने जाईल. प्रॉटेस्टंट माणसं आहेत ती. खांबावर प्रॉटेस्टंटाचंच डोकं दिसलं, तर बरं दिसायचं नाही."

"आणि आपले महाराज?" मी विचारलं.

"कोणते?" असं म्हणून त्यांनी खिडकी लावून घेतली.

ते डोकं माझ्या मेहुण्याचं होतं. गिडियन हेम्ब्रो. हातमागावर कापड विणायचा आणि चॅपेलमध्ये प्रार्थना सांगायचा. कॅथलिक राजा नको म्हणून गावातले चाळीस जण कोयते घेऊन बंडात गेले. त्यात तो होता, मीही होतो. सेजमूरच्या दलदलीत एका पहाटे सगळं आटोपलं आणि मग धरपकड सुरू झाली. मी होड्यांना डांबर लावणारा माणूस. शिपायांनी मला जिवंत सोडलं, पण अट घातली. फाशी दिलेल्यांचे तुकडे माझ्याच कढईत मिठाच्या पाण्यात उकळायचे आणि डांबरात बुडवून द्यायचे. डांबर लावलं की ऊनपावसात टिकतात. अशी अकरा माणसं मी उकळली. गिडियन शेवटचा.

आणखी एक अट होती, ती कुणाला ठाऊक नव्हती. गिडियन कुठे लपलाय ते सांगायचं. तो आमच्याच गोठ्याच्या माळ्यावर गवतात होता. मी सांगितलं.

माझी बहीण डॅमरिस माझ्याआधी गाडीत येऊन बसली होती. मांडीवर धुतलेली चादर.

"तू घरीच थांब," मी म्हणालो.

"तीन वर्षं थांबलेच की, दादा."

चौरस्त्यावर भर दुपारी इतकं धुकं होतं, की घोडीचे कान दिसत होते, पुढचं काही नाही. मी शिडी लावून वर चढलो. नोव्हेंबरच्या थंडीत डांबर दगडासारखं असतं; आयुष्यभर हेच काम केलंय मी. पण हात लावला आणि बोटं आत रुतली. डांबर ऊबदार होतं. कुजका वास नव्हता. नुकत्याच चुलीवरून उतरवलेल्या कढईचा वास येत होता.

"हळू, दादा," खालून आवाज आला. "त्यांना लागेल."

पुरायला तिने नकारच दिला. तोंड पाहिल्याशिवाय मातीत घालणार नाही, म्हणाली. घरी आल्यावर तिने ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं आणि हंसाची चरबी चोळून, लाकडी चमच्याने एकेक थर खरवडायला लागली. आधी कपाळ निघालं. मग भुवया, नाक. खालची कातडी पांढरी आणि ओलसर होती, नुकती दाढी करून तोंड धुतलेल्या माणसासारखी. मी मागे सरत भिंतीला टेकलो. शेवटी तिने दातांमधला डांबराचा बोळा ओढून काढला.

ओठ हलायला लागले.

मला काही ऐकू येत नव्हतं. डॅमरिसने कान जवळ नेला. "हं," ती म्हणाली. "हं... बरं." नवरा बाहेरून येऊन काहीबाही सांगत असतो आणि बायको हातातलं काम न सोडता ऐकत असते, तशी.

"काय... काय म्हणतोय?"

"नावं सांगतायत."

गुरुवारी गिरणीवाला पेनीकॉट मेला. गिडियनच्या खटल्यात तो पंच होता. पिठाच्या पोत्यांत बसलेला सापडला, घशापर्यंत डांबर भरलेलं. मग सुतार, ज्याने फासाचे खांब उभे केले होते. मग पाद्री, ज्याने वधस्तंभापाशी प्रार्थना म्हणायला नकार दिला होता. दर वेळी मी घरामागे जाऊन माझी कढई पाहून यायचो. ती कोरडी असायची, तळाशी कोळ्याचं जाळं. रात्री मी तोंडावर हात ठेवून झोपायचो.

तेवढ्यात राज्य बदललं. जुना राजा फ्रान्सला पळाला. पार्लमेंटने हॉलंडच्या त्या राजपुत्राला आणि त्याच्या बायकोला गादीवर बसवलं आणि आधी लिहून घेतलं, की राजाही कायद्याच्या खालीच. मागचं कुणी उकरायचं नाही, असं सर बेव्हिस सगळ्यांना सांगत फिरत होते. ते होते त्याच खुर्चीवर राहिले. फक्त टोपीला त्यांनी नव्या राजाच्या रंगाची, नारिंगी फीत लावली.

एप्रिलमध्ये चर्चच्या पायरीवर उभं राहून त्यांनीच तो जाहीरनामा वाचला. स्वच्छ ऊन होतं, सगळा गाव जमला होता. डॅमरिस पहिल्या रांगेत उभी राहून साठवणीतलं सफरचंद खात होती.

"यापुढे कुणालाही क्रूर शिक्षा..." सर बेव्हिस वाचता वाचता थांबले, खाकरले. ओठाच्या कोपऱ्यातून एक काळी धार हनुवटीवर आली. त्यांनी रुमालाने पुसली. दुसरी आली. वाक्य पुरं करायचा त्यांनी फार प्रयत्न केला. शब्द जाड होत गेले, मग नुसती घरघर. ते गुडघ्यांवर आले आणि बोटांनी तोंडातून डांबर उपसायला लागले. जेवढं उपसलं तेवढं परत भरत होतं. बराच वेळ लागला. कुणी पुढे गेलं नाही. मीही नाही. डॅमरिसने सफरचंद संपवलं आणि बी थुंकली.

घरी आलो तर गिडियनचे ओठ मिटलेले होते. तिने त्याला चादरीत शिवलं. दुसऱ्या दिवशी चॅपेलच्या आवारात अख्ख्या गावाने स्तोत्र म्हणत त्याला माती दिली. कित्येक महिन्यांनी मी पोटभर श्वास घेतला.

परतताना मी हळूच विचारलं, "डॅमरिस... माझं नाव नाही कधी घेतलं त्याने?"

"पहिलंच तुझं होतं." तिने माझ्या कोटावरची माती झटकली. "मीच म्हटलं, याला राहू द्या. हा माझ्या वाटणीचा."

त्याला नऊ वर्षं झाली. ती मला रांधून वाढते, माझे सदरे शिवते. एका शब्दाने टाकून बोललेली नाही. फक्त दुपारी मी आडवा झालो, की स्वयंपाकघरात तिचं बोलणं ऐकू येतं. ती शांतपणे विचारते, "मग?" आणि कुणीतरी उत्तर देतं. गोठा, माळा, शिपायाला दाखवलेली शिडी, वरून गिडियनने मला मारलेली हाक. सगळं सावकाश, काही न वगळता. तो आवाज माझा असतो.

काल मी दार उघडलं. डॅमरिस एकटीच मटार सोलत बसली होती.

"उठलास, दादा?"

मी तोंड उघडलं. आवाज फुटला नाही.

"हो," असं तिच्या समोरच्या रिकाम्या खुर्चीतून कुणीतरी म्हणालं.