शेवटच्याने फिती सोडायच्या

लाइट गेलेत ते बरंच झालं. मोबाइल खाली ठेवा सगळे. ऐकायचं तर नीट ऐका, मध्येच खिदळलात तर मी उठून झोपायला जाईन. आणि हे मनाने रचलेलं नाही. ज्याच्यावर गुदरलं तो माणूस माझ्या गॅरेजमध्ये बाकावर बसून मला सांगत होता. नाव कशाला हवंय? सगळे त्याला वाटाड्याच म्हणायचे.

डांबरी रस्ता संपतो तिथे, जंगलाच्या कडेला, एक अभ्यास केंद्र होतं. दरवर्षी परदेशातल्या कॉलेजची पंधरा-वीस पोरं तिथे महिनाभर यायची. कशाला, तर उष्ण प्रदेशातलं जंगल कसं टिकवायचं ते शिकायला. हसा, हसा, मलाही हसू यायचं. दहा तास विमानाने धूर सोडत यायचं आणि इथे येऊन अर्ध्या बादलीत आंघोळ करायची! पण शिस्त मानली पाहिजे त्यांची. त्यांचे सर मूळचे आपल्याकडचेच; ते सांगायचे, जंगलात जे जे नेलं ते सगळं बाहेर आलं पाहिजे, चॉकलेटचा कागदसुद्धा आत राहता कामा नये.

आत अर्ध्या तासाच्या चालीवर त्यांनी झाडं मोजायला एक तुकडा आखला होता. तिथवर पायवाट नव्हती. मुद्दामच पाडायची नाही, रोपं तुडवली जातात म्हणून. मग वाटाड्या दर वीस पावलांवर एकेका फांदीला निळी प्लास्टिकची फीत बांधायचा. फीत बघत जायचं, फीत बघत यायचं. एक चुकली की खेळ खलास, कारण त्या जंगलात दिवसाढवळ्यासुद्धा चारी बाजूंना सारखंच दिसतं. महिना संपला की शेवटच्या माणसाने फिती सोडत सोडत बाहेर यायचं, प्लास्टिक आत राहू नये म्हणून. शेवटचा माणूस म्हणजे अर्थातच वाटाड्या.

गेल्या वर्षीची गोष्ट. अकरा नोव्हेंबर, मंगळवार, रात्रीचे पावणेआठ. वाटाड्या जेवून हात धूत होता, तेवढ्यात सर आले.

"अहो, पाऊस मोजायचा डबा आतच राहिला बघा. पहाटे पाचला बस आहे आमची. तेवढा घेऊन या, आणि येताना फितीही सोडा. म्हणजे सकाळी पुन्हा खेप नको."

वाटाड्याला रात्री आत जायचं नव्हतं. पण नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? पहाटेच्या त्या बसमध्ये त्याची पोरगी बसणार होती. एकुलती एक, एकोणीस वर्षांची. सरांनी तिला आपल्या कॉलेजात घेतलं होतं, तेही फुकट. घरात बॅग तयार होती. आईने सकाळपासून ती बॅग तीनदा उघडून तीनदा भरली होती आणि दर वेळी रडून घेतलं होतं.

"बाबा, मी पण येते," पोरगी म्हणाली. "उद्यापासून कुठे मिळणार मला तुमच्याबरोबर फिरायला?"

"झोप जा मुकाट्याने. पहाटे उठायचंय."

"विमानात झोपेन की पोटभर. चला."

आता सरांना वाटाड्याच्या पोरीचा एवढा पुळका का, ते विचारा की. नाही ना विचारत कोणी? मग मीच सांगतो.

त्याच्या आदल्या वर्षीच्या पोरांमध्ये एक मुलगी होती. अंगाने जाड, चालायला हळू. बाकीची पोरं तिला गोगलगाय म्हणायची, आणि तीही तोंडावर. ती जेवायला आली की सगळे एकदम मनगटावरचं घड्याळ बघायचे. पण आपली भाषा शिकायची हौस त्या सगळ्यांत एकट्या तिलाच. वाटाड्याला ती मामा म्हणायची. "मामा, थांबा ना. दोन मिनिटं." एवढं मात्र अगदी स्वच्छ बोलायची, कारण दिवसभर तेच बोलायची पाळी यायची.

शेवटच्या दिवशी ती पायाच्या जळवा काढत मागे बसली. बाकीचे पुढे निघाले. महिनाभर तिच्यापायी रोज अंधार व्हायचा, त्यामुळे वाटाड्याचंही डोकं तापलेलं होतं. जाता जाता एका पोराने फितीकडे बोट केलं आणि खुणेनेच सांगितलं, सोडा, बघू कशी पळत येते. वाटाड्या हसला. त्याने पहिली फीत सोडली, मग दुसरी. मागून आवाज आला, "मामा, थांबा ना." त्याला गंमत वाटली. दहा-बारा फिती सोडायच्या, एका झाडामागे बसायचं आणि पोरगी चांगली घाबरली की हाक मारायची, एवढाच त्याचा बेत. तेवढ्यात पाऊस कोसळला. अर्ध्या तासाने पाऊस थांबला तेव्हा त्याने हाका मारल्या. घसा बसेपर्यंत मारल्या. तिकडून ओ आली नाही.

अकरा दिवस शोधलं. केससुद्धा सापडला नाही. तिचे आईबाप आले. त्या बाईने वाटाड्याचे दोन्ही हात धरले आणि विचारलं, माझी लेक तुमच्या मागे होती की पुढे? खरं काय ते ठाऊक असलेले सर शेजारीच उभे होते. वाटाड्या म्हणाला, "पुढे." सरांनी ते बाईंना त्यांच्या भाषेत सांगितलं. म्हणजे पोरगी आपल्याच आगाऊपणाने पुढे गेली आणि भरकटली, असं समजून ती माउली परत गेली. महिन्याभरात वाटाड्याच्या पोरीला कॉलेजचं पत्र आलं. तेरी भी चूप, मेरी भी चूप. मला विचाराल तर या गोष्टीतलं सगळ्यात वाईट ते हेच, पुढचं भुताबिताचं नंतर.

तर, त्या मंगळवारी केंद्राच्या ड्रायव्हरने जीप रस्त्याखालून नाला जातो त्या मोरीपाशी उभी केली. तिथून आत शिरायचं. वाटाड्याने पोरीला जीपच्या दिव्यांसमोर उभं केलं.

"इथून हलायचं नाही. काहीही ऐकू आलं तरी आत पाय टाकायचा नाही."

"बाबा, मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"शपथ घे."

"घेतली बाई!" ती हसत म्हणाली.

जाताना काही झालं नाही. बॅटरीच्या उजेडात फिती दिसत गेल्या. डबा सापडला. त्याने तो पोत्यात टाकला, पहिली फीत सोडून तीही टाकली आणि माघारी वळला. दुसरी सोडली. तिसरी सोडली. चौथ्या फितीच्या गाठीला हात घातला आणि एकदम सगळे किडे गप्प झाले. रातकिडा नाही, बेडूक नाही, काही नाही.

"मामा..."

त्याचा हात गाठीवरच राहिला.

"मामा, थांबा ना. दोन मिनिटं."

आवाज मागून आला. लांबून नाही. त्याने नुकतीच सोडलेली तिसरी फीत जिथे होती तिथून.

पोरांनो, तुम्ही असतात तर पळाला असतात. तोही पळणार होता. पण त्याला वाटलं, फिती तशाच ठेवल्या तर ही त्या बघत बघत बाहेर येईल. आणि बाहेर आपली पोरगी उभी आहे. उद्या पहाटे ती इथून सुटली की झालं, मग आपलं काय व्हायचं ते होवो. म्हणून त्याने फीत सोडली. मागे न बघता पुढच्या फितीपाशी गेला. तीही सोडली. त्याच्या पायांबरोबर मागे पाय वाजत होते. हळू. जड. तो थांबला की थांबायचे.

"मामा, दिसत नाही हो मला..."

फीत सोडली.

"मामा, पुढे की मागे?"

फीत सोडली. पोत्यात कोंबली. पुढची.

मग बराच वेळ मागे काही वाजलं नाही. पन्नास फिती झाल्या, साठ झाल्या. त्याला वाटलं, सुटलो. आता पाचच उरल्या होत्या आणि झाडांतून जीपचे दिवेही दिसायला लागले होते.

"बाबा!"

काळजात चर्र झालं त्याच्या.

"बाबा, थांबा ना! तुम्ही पुढे कसे गेलात?"

पोरीचा आवाज. हुबेहूब. मागून. वाटाड्याने दात आवळले. शाब्बास, म्हणजे आता हे सोंग का, असं त्याच्या मनात आलं.

"माझी पोरगी बाहेर आहे," तो मागे न वळता म्हणाला. "जीपपाशी."

"बाबा, असं काय करताय? इथे फीत नाहीये... बाबा, बॅटरी मागे करा ना..."

फीत सोडली.

"बाबा, तुम्हीच तर बोलावलंत मला..."

फीत सोडली.

आवाज रडायला लागला. लहानपणी ताप आला की रडायची, अगदी तसा. त्याने एक कान खांद्याने दाबला. गाठ सुटेना. त्याने ती दातांनी सोडली.

"बाबा... मला सोडून जाऊ नका ना..."

शेवटून दुसरी.

"बाबा..."

शेवटची.

मागे सगळं शांत.

तो मोरीवर आला. दिवे चालू होते. ड्रायव्हर डासांमुळे काचा वर करून आत बसला होता. जीपसमोर कोणी नव्हतं. जीपच्या मागे कोणी नव्हतं. आतही नाही.

"पोरगी कुठाय?"

ड्रायव्हरने काच खाली केली. "म्हणजे? तुमच्याबरोबर नाही आली?"

"मी तिला इथे उभी करून..."

"अहो, तुम्हीच हाका मारल्यात की तिला. दोनदा. 'ये गं आत, काही होत नाही.' काच वर असून मलासुद्धा ऐकू आलं. ती म्हणाली, बाबा बोलावतायत, आणि गेली की फिती बघत बघत."

वाटाड्याच्या हातात पोतं होतं. त्यात सगळ्या फिती होत्या.

तो आत धावला. तीस-चाळीस पावलांत त्याला कळेना आलो कुठून आणि जायचं कुठे. ड्रायव्हरने हॉर्न वाजवून वाजवून त्याला कसाबसा बाहेर काढला आणि माणसं आणायला जीप पळवली. वाटाड्या जंगलाकडे तोंड करून कडेच्या चिखलात उभा राहिला. रात्रभर. पोरीच्या नावाने हाका मारत. नव्याने फिती बांधाव्यात तर सुरुवात कुठून करणार? पहाटे पाचला केंद्रातून बस निघाली. सरांनी सगळी पोरं मोजून बसवली होती. विमान चुकलं असतं ना, म्हणून बस काही मोरीपाशी थांबली नाही.

रात्री त्या जंगलात शिरायला कोणी धजेना, माणसं आली ती उजाडतानाच. पोरीची आई धावतच आली. वाटाड्याला बोलता येत नव्हतं, आवाज पार गेला होता. रात्रभरात त्याचे पाय घोट्यापर्यंत चिखलात रुतले होते. दोघांनी त्याला काखेत धरून उचललं आणि बाजूला बसवलं. आई खाली बघत तिथेच उभी राहिली.

चिखलात त्याची दोन पावलं होती. आणि त्यांच्या मागे, वीतभर अंतरावर, आणखी दोन. बुटांची. तेवढीच खोल रुतलेली. टोकं त्याच्या पाठीकडे. तिथवर आलेलं पाऊल कुठे नव्हतं, तिथून गेलेलंही नव्हतं.

आई खाली बसली. बुटांच्या तळाची नक्षी तिने ओळखली. प्रवासाला म्हणून पोरीचे ते बूट तिनेच पसंत केले होते. तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही एकदाही मागे वळून बघितलं नाहीत?"