नटवी तार

"वहिनी, उद्यापासून तुम्ही उन्हातान्हात वखारीत बसू नका. कुठला माल भरायचा ते आता ही बघेल," चहाचा कप खाली ठेवता ठेवता धाकटा दीर सहज बोलून गेला, आणि थोरलीच्या हातातली बशी हिंदकळली... ऊन चहा बोटांवर सांडला.

ऊन म्हणे! बावीस वर्षं ती त्याच उन्हात बसली होती. नवरा गेला तेव्हा हा दीर शाळेत जात होता. तेव्हापासून तांब्याच्या भंगाराचे ढीग उपसायचे, चांगली तार परदेशी धाडायची, कमअस्सल भट्टीत घालून तिचे शुद्ध तांब्याचे पत्रे करून घ्यायचे, आणि संध्याकाळी याच्या वह्यांना पुठ्ठे घालायचे, हेच तिचं आयुष्य! तारांना नावंदेखील तिनंच ठेवली होती. उघडी, स्वच्छ, लखलखीत तार ती 'नवरी'. आणि मोटारीच्या वेटोळ्यातून निघालेली, वरून वार्निश फासलेली ती 'नटवी'. नटवी नवरीपेक्षाही जास्त चमकते, पाहणारा फसतोच. सुरीनं खरवडलं की मग तिचं सोंग कळतं, आणि तिची रवानगी भट्टीत होते.

आता तिच्या जागी बसायला आली होती धाकटी जाऊ, लग्नाला वर्षसुद्धा न झालेली! तिला परक्या भाषा येत, टाइप करता येई. काचेच्या खोलीतल्या एकुलत्या एका फोनवर परदेशचे व्यापारी तिच्याशी बोलत, आणि ती बोलता बोलता अशी काही हसे की थोरलीच्या काळजात सुई टोचल्यासारखं होई. त्या हसण्यात मधूनमधून एकच शब्द थोरलीच्या ओळखीचा असे... 'वहिनी'! सगळी वखार तिला वहिनी म्हणे, धाकटीसुद्धा. 'माझी टिंगल चाललीय... तीही सातासमुद्रापार!' थोरली मनाशी म्हणे आणि जळत राही. आरशात पाहताना तिला स्वतःचे काळवंडलेले हात दिसत, आणि लगेच धाकटीची ती गोरी, निमुळती, लांब नखांची बोटं आठवत.

माल भरायचा दिवस उजाडला. सकाळी धाकटी घाईघाईनं काचेच्या दारातून डोकावली आणि हमालांना ओरडून म्हणाली, "अहो, ती नटलेली तार भरून घ्या सगळी!"

तिला म्हणायचं होतं नवरी. नटलेली म्हणजे नवरीच, असा तिच्या मनात घोळ झाला होता. हमालांनी ऐकलं नटवी. त्यांनी त्या ढिगाला हात घातला.

थोरली दहा पावलांवर उभी होती. तिनं ऐकलं. तिनं पाहिलं. एक शब्द तोंडातून काढायचा होता... फक्त एक शब्द! पण ओठ जणू शिवल्यासारखे झाले. 'जाऊ दे! पोचू दे तिकडे. कळू दे भाऊजींना कोण किती पाण्यात आहे ते!'

दुपार झाली. कंटेनर गच्च भरला. दारं लागली. सील लावणारा माणूस हातात सील घेऊन उभा राहिला, तेवढ्यात फोन वाजला. पुन्हा तेच हसणं... पुन्हा तेच 'वहिनी, वहिनी'! थोरलीला राहवेना. ती तरातरा आत गेली. धाकटीनं फोन ठेवला होता.

"कसलं गं एवढं हसू येतं? माझं नाव कशाला लागतं तुला परक्या माणसापुढे?"

"अय्या, वहिनी, तुम्हाला ऐकू येतं होय!" धाकटी लाजली. "अहो, पहिल्याच पत्रात मी लिहिलं होतं, आमचा माल यंत्र नाही, आमच्या वहिनी निवडतात. हा माल ज्याला जायचाय त्या म्हाताऱ्या व्यापाऱ्याला वाटलं वहिनी हा मालाचा छापच आहे! आता म्हणतो, 'दोन कंटेनर वहिनी पाठवा, दुसरं काही नको.' मी नाही त्याला सुधारलं. खरंच तर आहे ते!"

थोरली गर्रकन दाराकडे वळली. बाहेर सील लावणारा वाकला होता.

"थांबा!" ती किंचाळली. "उघडा... दारं उघडा! आत नटवी आहे!"

दीर धावत आला. गठ्ठा ओढून तार खरवडली, वार्निशचे पापुद्रे गळाले. "कुणी भरायला सांगितलं हे? बोट सुटेल आता!"

"मी..." धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला. "मी नटलेली म्हणाले..."

"तिच्यावर ओरडू नका, भाऊजी!" थोरली मध्ये आली. "ती चुकली. मी चुकले नाही... मी बघून गप्प बसले! जळत होते मी हिच्यावर... पहिल्या दिवसापासून. आता काय बोलायचं ते मला बोला!"

दीरानं तिच्याकडे पाहिलं. ज्या बाईनं त्याला आईच्या जागी राहून वाढवलं ती अपराध्यासारखी मान खाली घालून उभी होती. तो वळला आणि बोट चुकल्याचं कळवायला फोनकडे गेला.

"मला तारांबद्दल विचारायचं होतं तुम्हाला... किती वेळा!" धाकटी रडत म्हणाली. "पण तुमच्या डोळ्यांची भीती वाटायची."

"बरं झालं विचारलं नाहीस. खोटंच सांगितलं असतं मी तुला." थोरलीनं पदरानं तिचे डोळे पुसले, मग आपले. "चल, ऊठ. ते लांब नखांचं नाटक पुरे. माल पुढच्या बोटीनं जाईल, पण निवडायचा तुझ्या हातांनी."

दोघी उघड्या कंटेनरपुढे गोणपाटावर बसल्या. थोरलीनं सुरी कशी धरायची ते एकदाच दाखवलं. पहिली तार धाकटीनं ओळखली नाही, दुसरी नाही... सातवी मात्र तिनं नुसती बोटांत फिरवली, सुरी न लावताच बाजूला टाकली आणि म्हणाली, "नटवी."

बरोबर होतं. हे शिकायला थोरलीला दोन वर्षं लागली होती! काळजात पुन्हा तीच सुई टोचली... आणि तिनं आपल्यापुढचा अर्धा ढीग दोन्ही हातांनी धाकटीकडे लोटला.