दोरीवरचा आठवा टॉवेल

भीती नावाच्या बाईशी आपली ओळखच नाही, असं रंगारीमामा छाती ठोकून सांगायचा. मग खोकल्याची उबळ थांबली की स्वतःच कबूल करायचा, की तंबूत खेकडा शिरला तेव्हा तो मामीच्या पाठीमागे लपला होता. मामी म्हणायची, "खेकडाच पळाला बिचारा, यांची किंकाळी ऐकून."

तो तंबू समुद्रकाठच्या एका गावात होता. मामाने जन्मभर लोकांच्या भिंती रंगवल्या. गुडघ्यांनी शिडीला नकार दिला, तेव्हा आठ दिवस हवापालट म्हणून दोघं तिथे गेली. आठाचे चाळीस झाले, ते तिथल्या परदेशी मंडळींपायी. कुठकुठल्या थंड मुलखांतून ऐन उमेदीत आलेली ही सात माणसं तिथेच म्हातारी झाली होती. परत जावं, तर तिकडे ओळख देणारं कोणी उरलं नव्हतं. त्यांत एक दातांचा डॉक्टर होता, एक नर्सबाई, एक बेकरीवाली. मामा चौथी नापास, पण त्यांचा भाषेचा मास्तर झाला. त्याच्या शिकवणीने डॉक्टर चार दिवस भेटेल त्याला हात जोडून "गाढवा" म्हणत होता. कळलं तेव्हा सर्वांत मोठ्याने तोच हसला.

काय संध्याकाळी होत्या त्या! वाळूत घडीच्या खुर्च्या, खरखरणारा रेडिओ, थर्मासमधली कॉफी. बेकरीवालीच्या हातांना कायम भाजलेल्या पावाचा वास. आजही कुठे तसा वास आला, की मामा बोलता बोलता मध्येच थांबतो.

त्या मंडळींचा एक नेम होता. समुद्रात उतरण्यापूर्वी ज्याने त्याने आपला टॉवेल शेडजवळच्या दोरीवर टांगायचा, बाहेर आला की काढायचा. दोरी रिकामी झाल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही. म्हाताऱ्या डोळ्यांना लाटांतली डोकी मोजता येत नाहीत, टॉवेल मोजता येतात. हा नेम इतका कडक का पाळतात, ते मामाला कोणी सांगितलं नव्हतं. त्यानेही विचारलं नाही. त्याला फक्त खोडी सुचली.

एके संध्याकाळी सातही जण पाण्यात असताना त्याने रंगाचे डाग पडलेला आपला टॉवेल आठवा म्हणून टांगला आणि तो शेडमागे दबा धरून बसला. एकेक जण आला, टॉवेल काढत गेला. एक उरला. आता गोंधळ उडेल, मग आपण "भो" करू, या आनंदात मामा तोंड दाबून हसत होता.

गोंधळ उडालाच नाही. रेडिओ कोणीतरी बंद केला. सगळे पाण्याकडे तोंड करून उभे राहिले.

मामा मुकाट्याने बाहेर आला. "नर्सबाई, अहो, तो..."

"शू..." बेकरीवालीकडे बोट करत ती कुजबुजली. "हिचा नवरा... टॉवेल न टांगताच गेला होता पाण्यात. गंमत म्हणून. दोरी रिकामी दिसली, आम्ही जेवायला निघून गेलो... तेवीस वर्षं झाली, मामा."

बेकरीवाली गुडघाभर पाण्यात उभी राहून एकच नाव घेत होती. ओरडत नव्हती. जेवायला बोलवावं, तशी हाक मारत होती. उजेड सरत आला. लाटांची खळखळ... आणि मग तिच्यात न मिसळणारा एक आवाज. सावकाश पाणी कापत कोणीतरी चालत येत होतं.

कुजलेल्या शेवाळाचा वास आला. चेहरा दिसला नाही. ते सगळ्यांच्या मधून थेट दोरीपाशी गेलं, टॉवेल ओढला, खांद्यावर घेतला. बेकरीवाली त्याच्या मागोमाग चालू लागली. बाकीच्यांनी खुर्च्या मिटल्या, रोजच्यासारख्या.

"चोर असेल कोणी," तंबूत मामा पुटपुटला.

"चोर?" मामी म्हणाली. "तुमचं ते पोतेरं न्यायला समुद्रातून आला? ते काही नाही. सकाळी जा आणि खरं ते सांगा तिला. एकदा विधवा झालीय बिचारी, तुमच्या थट्टेपायी पुन्हा नको व्हायला."

सकाळी बेकरीचं शटर बंद होतं. बाजूचं दार लोटलेलं. आत भट्टी थंड, पावाचा वास नाही. उंबऱ्यापासून आतल्या खोलीपर्यंत फरशी ओली, आणि खोलीच्या बंद दाराखालून पाण्याची बारीक धार अजून बाहेर येत होती. बेकरीवाली दारापाशी स्टुलावर बसली होती. रात्रीत दहा वर्षांनी लहान दिसत होती.

मामाने टोपी काढली. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला विनोद सुचला नाही.

"बाई, काल तुमच्या दोरीवर... तो टॉवेल माझा होता. मी गंमत केली. तिथे वाट बघण्यासारखं कोणी नव्हतंच हो. मला माफ करा!"

तिने ओठांवर बोट ठेवलं.

"टॉवेल तुमचा, गंमतही तुमची, सगळं मान्य. पण हळू बोला ना, मामा... तेवीस वर्षांनी आत्ता कुठे डोळा लागलाय त्याचा."