दाखल्यावरची आई

मिनलने आधार कार्ड दिलं ते चांगल्या मनानेच दिलं, खोटं कशाला बोला!

भाईंदर पूर्वेच्या त्या चाळीत मिनल आणि शेफाली शेजारीशेजारी बसून इमिटेशनच्या झुमक्यांना खडे चिकटवायच्या. शेफाली सीमेपलीकडची. कागद म्हणून तिच्याकडे लाइटबिलाचा कपटाही नव्हता. धरपकड सुरू झाली तसा नवरा पळाला आणि ही पोटुशी मागे राहिली. दवाखान्यात केसपेपरला आधार मागत होते.

“दीदी, तुम्हारे नाम से दिखा लूँ?” तिने विचारलं. “मेरा क्या है, बच्चे को तो कागज मिलेगा.”

मिनलने कार्ड काढून दिलं. फोटोचं काय, त्यातला चेहरा मिनलच्या आईलाही ओळखू आला नसता.

देऊन बसली आणि मग जळायला लागली. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. सोनोग्राफ्या, इंजेक्शनं, गावच्या देवीला नवस, सगळं करून कूस रिकामीच. आणि ही बया, जिचं या देशात कुठे नाव नाही, ती पहिल्याच वर्षी पोट पुढे काढून मिनलच्या नावाने रांगेत बसते? “मिनल पराग भुवड!” अशी हाक आली की शेफाली उठायची. सोबत गेलेली मिनल बाकावरच बसून राहायची.

मुलगी झाली. घरी सोडायच्या दिवशी सिस्टरने बाळ गुंडाळलं आणि खाटेवरच्या शेफालीच्या डोळ्यांदेखत मिनलच्या हातात ठेवलं.

“जपा हं मिनलताई. आणि तुमच्या या मैत्रिणीला सांगा, पेशंटच्या खाटेवर बसायचं नाही.”

गर्दीचा दवाखाना, होतो गोंधळ, असं मिनलने स्वतःला समजावलं. रिक्षात तिने बाळ परत दिलं, पण जरा उशिराच दिलं.

जन्माचा दाखला नवऱ्याने, परागने आणला. “आपल्या पोरीचा आहे, नीट ठेव.”

“आपल्या?” मिनल हसली. “अहो, शेफालीच्या.”

“शेफालीला कुठे मूल आहे?”

तो थट्टा करत नव्हता. ज्याने कळा सुरू झाल्यावर शेफालीला स्वतः दवाखान्यात पोचवलं, तो माणूस! मिनलच्या अंगावर काटा आला. तरी तिने दाखला कपाटात साड्यांखाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी चाळीतल्या बायका डिंकाचे लाडू घेऊन आल्या, त्या मिनलकडे. शेफाली बाळाला घेऊन दारात उभी होती.

“ए, जिचं बाळ तिला दे की,” त्यातली एक करवादली.

शेफालीचा चेहरा पांढराफटक पडला. “दीदी, इनको बोलो ना. तुम तो जानती हो.”

एक वाक्य. तेवढंच बोलायचं होतं. बाळाने जांभई दिली आणि मिनलला ते हवंसं झालं.

तिने हात पुढे केले.

संध्याकाळपर्यंत भिंतीपलीकडून शेफालीचं रडणं ऐकू येत होतं. मग ते थांबलं.

चार दिवस ती दिसली नाही. पाचव्या दिवशी भर दुपारी आली, वेणीफणी करून, हसत. मिनल बाळाला बाटलीने दूध पाजत होती. आता ही मागणार.

शेफाली बाळाकडे बघत राहिली. ती नजर मिनलच्या चांगली ओळखीची होती. दुसऱ्यांच्या पोरांकडे ती स्वतः नऊ वर्षं तशीच बघत आली होती.

“कितनी नसीबवाली हो, दीदी,” शेफाली म्हणाली. “मुझे तो अभी तक कुछ हुआ ही नहीं.”

मिनलने घाईघाईने बाळाच्या गालावर काजळाची तीट लावली.

बाळ रडायला लागलं.

शेफालीने दचकून खाली बघितलं. तिच्या कुर्त्यावर छातीपाशी दोन ओले डाग पसरत होते.

“ये देखो,” ती ओशाळून म्हणाली. “पता नहीं, रोज कहाँ से भीग जाता है.”

मिनलने उठून तिला कोरडा टॉवेल दिला.