नववी नस

ही गोष्ट खरी आहे. ज्याला शंका असेल त्याने धुळ्याला जावं आणि पाटी नसलेल्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना फक्त त्यांचं नाव विचारावं.

साल १९३१. मे महिना, ऐन दुपार. भडगाव.

लीलाधर मुंबईला डॉक्टरकीच्या परीक्षेत दोनदा नापास होऊन घरी आला होता. भडगावकरांना गेल्या साली पाऊस किती झाला ते आठवणार नाही, पण कोण किती वेळा नापास झाला, ते बोटांवर तयार. न्हावी वस्तरा थांबवून विचारायचा, "काय भाऊ, व्हयना का डाक्टर?"

तिसऱ्यांदा नापास, की नाव कायमचं कमी.

अभ्यासात कसूर नव्हती. मेंदूतून निघणाऱ्या बारा नसा त्याला झोपेतही पाठ. पण तोंडी परीक्षेत साहेब समोर बसला, की आठ नावं यायची आणि नववीला डोकं कोरं. नववी कुठली, तर जिभेची आणि घशाची! नेमकी तिथेच जीभ सुकायची. वसतिगृहाचे डॉक्टर म्हणाले होते, "मेंदूवर ताण आलाय. विश्रांती घे."

विश्रांती? या गावात?

अभ्यासासाठी त्याने एका जुन्या विद्यार्थ्याकडून कवटी आणि काही हाडं असलेली पेटी घेतली होती. आईने, भिकुबाईने, ती पेटी उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. म्हणून तो मळ्यातल्या खोलीत बसायचा.

एकटा.

त्या दुपारी तो मोठ्याने नसा म्हणत होता. आठ झाल्या. नववीला भलतंच नाव तोंडून गेलं...

टक्.

पेटीतून.

उंदीर असेल. त्याने पुन्हा म्हटलं. पुन्हा चुकलं.

टक्.

मग बरोबर नाव घेतलं...

काहीच नाही.

खरं तर पळायला हवं होतं. पण दोनदा नापास झालेला माणूस भुताला भीत नाही, परीक्षकाला भितो. तो रोज येऊ लागला. चुकलं, की टक्. बरोबर, की शांतता. पंधरा दिवसांत सगळं तोंडपाठ झालं.

आणि एका दुपारी पेटी रिकामी!

दारात वडील, तोतारामआबा, गिरणा नदीवरून आलेले, ओल्या धोतराने उभे.

"गिरनामा सोडी उनू त्याले," आबा म्हणाले. "कोना तरी पोऱ्या व्हई तो. कितला वरीस पेटीमा पडेल व्हता."

"तुमले कोनी सांगं व्हतं, आबा? मना बठ्ठा अभ्यास गया!"

"हाडं गयात. अभ्यास तुना डोकामा शे ना?"

लीलाधर दोन दिवस जेवला नाही.

ऑक्टोबरात तोंडी परीक्षा झाली. साहेबाने नसाच विचारल्या. आठ झाल्या. नववीला चुकीचं नाव ओठांवर आलं...

टक्.

इथे पेटी नव्हती.

आवाज कपाळामागून आला. आतून.

त्याने नाव बदललं. शांतता. बाराच्या बारा बरोबर.

साहेबाने खूश होऊन लेखणी उचलली. "नाव?"

"लीलाधर तोताराम पाटील."

टक्.

त्याने पुन्हा सांगितलं, सावकाश.

टक्... टक्...

तो पास झाला. भिकुबाईने गावभर गूळ वाटला. न्हाव्याने फुकट दाढी केली. हा मात्र आबांवर खेकसला, "पास कोन व्हयना, आबा? मी, का तो?"

आबांना वाटलं, थट्टा करतोय.

याला सोळा वर्षं झाली. धुळ्याच्या दवाखान्यात रोगी लीलाधररावांना 'डॉक्टरभाऊ' म्हणतात. नाव विचारलं, की ते आधी मान कलवतात... ऐकत असल्यासारखे.

पत्नी सुनंदाबाई सांगतात, दुपारी दवाखाना बंद झाला की आतून त्यांचा आवाज येतो. वैतागलेला. झुलाल... वना... रुपचंद... एकेक नाव घ्यायचं आणि थांबायचं.

गेल्या पोळ्याच्या दुपारी एका नावानंतर ते थांबले, आणि पुढचं नाव त्यांनी घेतलंच नाही.

ते नाव सुनंदाबाईंनी ऐकलंय. सांगत नाहीत.