केशराच्या खोलीत राख

ग्रीसमधल्या कोझानीच्या माळावर धुकं इतकं दाट उतरलं होतं की तो माझ्या केशराच्या वाफ्यात पाय टाकणार, तेव्हाच मला दिसला. खांद्यावर गोणी, केसांवर राख.

"अहो, थांबा! फुलं तुडवाल!"

तो एक पाय हवेतच धरून उभा राहिला. "मग... हा कुठे ठेवू?"

मला हसू फुटलं. झालं, तिथेच मी फसले!

झिसिस त्याचं नाव. वीजकेंद्राची टाकाऊ राख प्लास्टिकमध्ये मिसळून तो फळांच्या पेट्या करायचा. पण या धुक्यात राख दमट व्हायची, प्लास्टिकमध्ये बुडबुडे धरायचे आणि पेट्या तडकायच्या. शनिवारी फळबागायतदारांच्या सहकारी संस्थेत शेवटची चाचणी होती: भरलेली पेटी ट्रकच्या टपावरून खाली टाकायची. पेटी फुटली तर त्याच्या कारखान्याला टाळं, आणि हा जर्मनीला, भावाकडे.

"तुमची केशर सुकवायची खोली मिळेल का? राख सुकवायला..."

"राख? माझ्या केशराच्या खोलीत?" बाबा कडाडले. त्या राखेपायी आमच्या बायकांनी जन्मभर खिडक्या लावून घेतल्या होत्या! "आधी बस. फुलं निवड. मग बोल."

केशराच्या दिवसांत आमच्या दारात आलेला पाहुणा फुलं निवडल्याशिवाय सुटत नाही. तो माझ्या शेजारीच बसला. जांभळ्या पाकळ्यांच्या ढिगात आमची बोटं सारखी एकमेकांना लागत होती... चुकून हं!

"किती हळू निवडता हो!"

"घाई कुणाला आहे?" तो पुटपुटला. माझे कान तापले.

आमचं केशर डब्यांत भरून झाल्यावर बाबांनी ती उबदार खोली त्याला दिली. "एक कण बाहेर उडाला, तर तुलाही उडवीन!"

शनिवारी संस्थेच्या अंगणात सगळा गाव जमला. सुकवलेल्या राखेची नवी पेटी सफरचंदांनी भरून ट्रकच्या टपावर चढवली. झिसिसचा चेहरा पांढराफटक. मला राहवेना. मी त्याची बाही धरली.

"पेटी फुटली तरी... जाऊ नकोस."

तो वळला. "हे आत्ता सांगतेस, थोमाई?"

"मग काय, जिंकल्यावर सांगू? तेव्हा कुणीही सांगेल!"

धप्प! मागे काहीतरी आदळलं. लोक ओरडले, टाळ्या पडल्या, कुणीतरी शिट्टी मारली.

"अरे, पाहिलंत का?" बाबा धावत आले. "साधी चीरसुद्धा नाही!"

माझा हात अजून त्याच्या बाहीवरच होता. पेटीकडे आमच्यातल्या कुणी पाहिलंच नव्हतं.